समीक्षाच्या चित्रातला गोठा

— पयला नंबर आला म्हनता, आला असन मॅडम, पन कायच्यात आला? गोठा काढ्यात! बापा बापा! माह्या पोरानं, मुकेशनं, समीक्षाले शेलूबाजारच्या इंग्लिश शाळेत घातलं थे शेना-मुतातून सुटाव म्हून, अन् तुमी तिले तिथं बसवून गोठाच काढाले लावला. नाताळ हाय म्हने. असू द्या, ज्याचा त्याचा देव, मी कुठं नाई म्हनते? पन दुसरीतल्या लेकरायनं गव्हान काढाची, ढोराचं कुटार काढाचं, अन् त्याले तुमी बक्षीस देनार! एवढीच हौस असन तं सकाळी पाठवा सगळी शाळा, खरंखुरं शेन काढाले लावते. हसू नोका, बसा.

आना इकडं थो कागद. हं... ही तं आमची कपिली, मोडक्या शिंगाची — आता हिचं शिंग मोडलं थे जगाले दाखवाची काय गरज? अन् हे तीन फेटेवाले कोन? राजे? काळीपिवळीतून उतरून राह्यले राजे! उंट काहून नाई काढले? — हाव, तिनं उंट कुठं पाह्यला, जीपच पाह्यली. अन् देवाची माय पाहा, कानाले फडकं बांधून बाजेवर पडली, बाजेखाली शेगडी! माय वो, देवाची माय अशी असते? ही तं निरी आमची वैजयंती काढली पोट्टीनं —

वैजयंती म्हनजे सून माही, समीक्षाची माय. माहेरी हाय, मानोऱ्याकडं. कवा येते? येईन ना, तीनच महिने झाले, बाळंतीन मानूस राह्यते माहेरी. नाई, बाळंतपन इकडंच झालं, मंगरूळच्या दवाखान्यात. पोरगी झाली, दुसरी. पोरगी झाली म्हून म्या काई म्हटलं नाई बरं, कोनी सांगतलं असन तं खोटं हाय! बाराव्या दिवशी सुवेर फिटलं, म्या ह्या हातानं न्हाऊ घातलं. मंग महालक्ष्म्या आल्या. आता तुमीच सांगा — घरात महालक्ष्म्या बसवाच्या, सोळा भाज्यायचा सैपाक, गावातली लोकं जेवाले येनार, अन् बाळंतिनीचा सव्वा महिना व्हाचा होता, कशी ठेवाव घरात? मलेच म्हनतीन ना, तुळसाबाईनं इटाळ कालवला! म्हून कुटाराच्या खोलीत बाज टाकून देली. गोठ्याले लागून हाय, पन वर टिना हायेत, गळत नाई. तीनच दिवसाची गोष्ट. तिनाचे आठ झाले, थे... राह्यलं तसंच. कुटाराची धूळ, भादव्याची ओल, लेकराले खोकला लागला — लेकरायले लागतेच खोकला! घरात खोल्या? पाच हायेत, वर स्लॅब हाय. म्हून काय झालं? माह्या सासूनं मले चार खेपा त्याच खोलीत टाकलं, मी मेली काय? चौथ्या खेपेले तं रात रात रडो मी, पन तोंडातून शब्द काढला नाई. अन् ह्या आजकालच्या — फोन केला, बाप आला, गाडी आनली, गेली लेकरू घेऊन. मुकेश तवापासून माह्याशी बोलत नाई. ताट सरकवलं तं जेवते, उठते, जाते.

अन् हे आता तुमी शाळेच्या भिताडावर लावनार? अन् वैजयंतीले फोन केला, कार्यक्रमाले ये म्हून? काहून केला? कोनाले इचारून केला? सारं शेलूबाजार पाहीन ना हे! लोकायच्या घरात काय हाय काय नाई, थे लेकरायकून काढून घेता, वरतून रंग भराले लावता — वा रे तुमचं शिक्षन!

बरं, एक काम चांगलं केलं पोरीनं. ही दाराशी लुगड्यावाली बुढी, चष्म्याची — मीच ना हे? राजे आले, ढोरं आले, पन पोट्टी आजीले इसरली नाई. देवाची आजी काढली! तुमच्या गोष्टीत होती काय आजी? नसन. पन माह्या नातीनं काढली, पाहा, माय दूर हाय तं आजीचीच मया लागते लेकराले —

काय?

आजी नाई?

समीक्षानं सांगतलं तुमाले? तिच्या तोंडानं? तुमी वर्गात सांगतली थ्या गोष्टीत, देवाच्या मायले जागा नाई म्हनून दारातून परत लावते थे मानूस... थे काढलं तिनं?

जा मॅडम तुमी. नाई, कागद मले नोको, घेऊन जा, लावा भिताडावर. अन् वैजयंती आली तं तिले म्हना — नाई. थे मलेच म्हना लागन. निंगा तुमी, निंगा.