बार्कले मागे हटला

करामा भागातल्या बसथांब्यावर माझ्या शेजारी एक बाप आणि त्याची शाळकरी मुलगी बसली होती.

“बाबा, माझं प्रेझेंटेशन ऐक ना. बार्कले डी टॉली. रशियाचा सेनापती आणि युद्धमंत्री. १८१२ मध्ये नेपोलियन चालून आला, तर हा सैन्य घेऊन मागेच हटत राहिला.”

“घाबरला?”

“नो! लढला असता तर सैन्यच संपलं असतं. पण लोक गद्दार म्हणाले. त्याच्या जागी दुसरा आणला.”

“त्याने काय केलं?”

“एक मोठी लढाई, मग तोही मागे हटला.”

“आणि बार्कले?”

“दोन वर्षांनी पॅरिस घेतलं तेव्हा रशियन सैन्य त्याच्याच हाताखाली होतं. फील्डमार्शल झाला, नंतर प्रिन्स.”

“शुभ्रा, मी आठवडाभर घरी आहे, ती रजा नाही गं. वारा सुटला म्हणून मी चौदा माणसं बांधकामाच्या स्कॅफोल्डिंगवरून उतरवली. काम थांबवलं म्हणून मला साइटवरून काढलं.”

“व्हॉट? मग आता?”

“मघाशी मॅनेजरचा फोन आला. काल नव्या सुपरवायझरनेही वाऱ्यामुळे माणसं उतरवली, आणि तासाभरात स्कॅफोल्डिंग कोसळलं.”

“कुणाला लागलं?”

“कुणालाच नाही. मला उद्यापासून परत बोलावलंय.”

“आईला सांगितलंस?”

“सांगतो. थांब, आत्ताच फोन लावतो.”