ठोकलेली खिडकी

— नाही हो नर्सबाई, ह्यांच्या टीबीत मी कुठं कमी पडले नाही, विचारा त्यांनाच. ताट वेगळं, पेला वेगळा, पंचा वेगळा, सगळं उकळत्या पाण्यातून काढते — हात बघा, सोलून निघालेत. काय? भांड्यांनी नाही पसरत? मग कशानं — श्वासानं? आता श्वास कसा उकळायचा, तेवढं सांगा.

खिडकी उघडा म्हणायला काय जातंय? मी शिवणकाम करते. ती खिडकी उघडते बोळात, आणि बोळात उभं असतं गिऱ्हाईक. ह्यांचा खोकला ऐकल्यावर कोण टाकेल माझ्याकडे कपडे? शिवायला दिलेलंही परत नेतील. म्हणून फळी ठोकली, मीच. कुणी विचारलं तर सांगते, परगावी कामाला गेलेत. उबळ आली की मशीन जोरात चालवते — दोरा नसला तरी, नुसतीच. झाकली मूठ, दुसरं काय! गोळ्या? घेतात की. मध्ये बरं वाटलं म्हणून सोडल्या होत्या — रागावू नका, डॉक्टरांचं रागावून झालंय.

घरात आणखी कोण? कुणी नाही. मी आणि हे. — ती काजं-बटणं? ती... बरं, ठकी करते, आमची लेक. बोटं बारीक, नजर तीक्ष्ण. आतच बसते, ह्यांच्या उशाशी — मी मशीनवर, मग ह्यांना पाणी कोण देणार? बापलेकीचं गूळपीठ आहे, दिवसभर एकमेकांना कोडी घालतात. शाळेत नाही धाडत सध्या, बोलून बसेल कुठंतरी. पण जेवते माझ्याबरोबर हं! ह्यांच्या पेल्याला बोटसुद्धा लावू देत नाही मी तिला.

असं काय बघताय? तिला काही झालेलं नाही. वाळलीय जराशी, वाढीचं वय आहे. संध्याकाळी अंग कोमट लागतं, झोपेत घामानं भिजते — कोंदट आहे ना आत, हवाच नाही, फळी... मी बाई पेले उकळत बसले. पेले! आणि लेकरू आत — बास. निघा तुम्ही. गिऱ्हाईक यायचंय.

थांबा. ती बेडका तपासायची डबी — आणखी एक आहे? ठेवा इथं. नाव नका लिहू. जा आता.