कोट घालून झाल्यावर

नाही नाही नाही, बसत नाही मी! फावडं परत द्यायला आलो होतो, दिलं, संपलं. निघतोच आहे. कोट घातलाय, दिसतोय ना? पेग, तुम्ही कॉफीबिफी काही टाकू नका... टाकत नव्हताच? उत्तम. काय आहे, डोकं फिरलंय माझं, म्हणून दारातच दोन शब्द. तुम्हाला सांगतो लॉइड, या वयात कॉलेजात जाऊ नये माणसानं! आणि ते सुद्धा एकदम तीन विषय? अर्थशास्त्र, सामाजिक समस्या आणि कर्णबधिर संस्कृती! अहो, उभा जन्म मी रॉचेस्टरच्या रस्त्यांवरचा बर्फ लोटला, गाडीत एकटा, पुढे बर्फ, मागे बर्फ... मला काय करायचीय मागणी आणि काय करायचाय पुरवठा?

सगळं आमच्या जनेलचं. लेक हो माझी, टुसानला असते ती. "डॅड, मॉम गेल्यापासून तू टीव्हीशी बोलतोस." बोलतो! टीव्ही निदान मधेच फोन ठेवत नाही! "ते काही नाही डॅड, साठीपुढच्यांना कॉलेजात फुकट बसू देतात, नाव घाल. आणि बर्फ वितळेपर्यंत मला तुझ्या गावातला एक माणूस दाखव, एकच, जो तू दिसला नाहीस तर डेल्मर कुठंय म्हणून विचारेल. नाही सापडला तर घर विकायचं आणि इकडे यायचं." इकडे म्हणजे तिच्या गॅरेजवरच्या खोलीत! वाळवंटात! आणि इथलं ते पिवळं स्वयंपाकघर, माझ्या बायकोनं, नोरीननं, स्टुलावर चढून स्वतः रंगवलेलं, ते काय कोणाला विकायचं? जाऊ दे. निघतोच आहे मी.

तर अर्थशास्त्र. मास्तर प्रूइट म्हणून, इतका कोवळा की मला वाटलं हा वर्ग चुकलाय. "मंडळी, कुठल्याही गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी आपण काय सोडलं ती! डेल्मर, आज संध्याकाळी इथे यायला तुम्ही काय सोडलंत?" मी विचार केला. बराच केला. अख्खा वर्ग थांबलाय. म्हटलं, काही नाही. "काहीतरी असेलच की!" नाही हो, खरंच काही नाही! पोरं खो-खो हसली. मास्तर म्हणाला, "मग तुम्हाला ही संध्याकाळ फुकटात पडली, अभिनंदन!" तुम्हाला सांगतो, अभिनंदनाचं इतकं वाईट मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

सामाजिक समस्या? तिथे गट पाडले. आमच्या गटाला विषय आला म्हातारपणातला एकटेपणा. ब्रिएल म्हणून एक पोरगी आहे, गोड आहे हो, वाईट नाही, ती टाळ्या पिटत म्हणते, "अय्या, आपल्याकडे तर खराखुरा आहे! डेल्मर, तुम्ही काही करू नका, नुसते समोर बसा, आम्ही तुमच्याकडे बोट दाखवू." बरं, म्हटलं, बसू. मग शनिवारी चौघं कुठेतरी पिझ्झा खात सगळं ठरवून मोकळी झाली. एकटेपणावर काम करायला जमली आणि मला बोलवायला विसरली! आता यावर हसायचं की काय करायचं, सांगा तुम्ही... नको, दार लोटू नका, वारा मला लागत नाही. निघतोच आहे.

म्हणून ठरवलं, तिन्ही विषय सोडायचे. पण त्याआधी तिसऱ्या विषयाचं एक काम अंगावर होतं. शिकवायला मार्गिट झेल्नर. बाईंना जन्मापासून ऐकू येत नाही, आणि त्यांच्या वर्गात आपणही तोंड उघडायचं नाही. खुणा करायच्या, नाहीतर लिहायचं. फळ्यावर हे एवढाल्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, कर्णबधिर मंडळींच्या जमण्याला जाऊन या. जमणं एमरिक बोडीन म्हणून सुताराच्या घरी. गेलो. दार वाजवलं. आता दार वाजवून काय उपयोग? बराच वेळ मूर्खासारखा उभा! मग घंटा दिसली, ती दाबली की आत दिवे लुकलुकतात.

आत बैठकीच्या खोलीत चिटपाखरू नाही, सगळे स्वयंपाकघरात कोंबलेले! का? तर तिथे उजेड. उजेड नसेल तर बोलणं दिसणार कसं? आणि काय बोलतात हो! एमरिकनं मला खालून वर पाहिलं आणि सरळ विचारलं, बायको? मी बोटांनी एकेक अक्षर जुळवत सांगितलं, गेली. कशानं? कधी? रडलास? जेवण कोण करतं? बटणं चुकीची लावलीयेस! लॉइड, नोरीन गेली तेव्हापासून या गल्लीत कोणी मला इतकं विचारलं नव्हतं... तुम्हाला नाही म्हणत मी, तुम्ही फुलं पाठवली होतीत, छान होती. पण मी गांगरलो. एवढं कोणी विचारायची सवय गेली होती. मग आपल्याकडे करतात तेच केलं. कोणाला उगाच त्रास नको, म्हणून कोट घातला आणि मागच्या दारानं गुपचूप सटकलो. सभ्य माणसासारखा!

पुढच्या तासाला मार्गिटबाई लालबुंद! खाडखाड फळा भरला. "कुठे गेला होतास? आम्ही तळघर बघितलं. एमरिक विजेरी घेऊन कमरेएवढ्या बर्फात शिरला, वाटलं पडलास की काय. आमच्यात हाक मारून माणूस सापडत नाही! म्हणून आम्ही न सांगता जात नाही. मुतायला जाताना सुद्धा सांगून जातो!" अख्खा वर्ग माझ्याकडे बघतोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, पार्किंगमध्ये गाडीत बसून मी ढसाढसा रडलो. मला शोधलं हो! माझ्यासाठी माणूस बर्फात शिरला!

जनेलला फोन लावला, म्हटलं, अगं, मला शोधलं! तर ती किंचाळते, "म्हणजे तू हरवलास? डॅड, डॉक्टरला दाखवलंस का?" घ्या!

मग दुसऱ्या जमण्याला गेलो, केक घेऊन, माफी मागायला. आणि यावेळी रीतसर सांगून निघायचं ठरवलं. कोट घातला. पहिल्याला सांगितलं, निघतो. त्यानं त्याच्या गुडघ्याची गोष्ट सुरू केली. दुसरीला सांगितलं, तिनं बटाट्याचं सॅलड वाढलं. तिसऱ्यापर्यंत पोचलो तर पहिला परत आला, गुडघ्याचं एक राहिलंच होतं! घामाच्या धारा, कोट अंगात, ताटली हातात, आणि एक हात अडकला की अर्धं बोलणंच बंद! शेवटी एमरिकनं दिवा मालवून परत लावला, म्हणजे मंडळी, आता घरी जा. दिवा लागला आणि सगळे पुन्हा बोलायला लागले! चारदा मालवला, चारदा लावला. दारात त्यानं मला नाव दिलं. त्यांच्यात नाव आपलं आपण ठेवायचं नसतं, त्यांनी द्यायचं. माझं नाव हे असं, दोन्ही हातांनी कोटाची कॉलर ओढायची. "निघतो म्हणून न निघणारा."

एमरिकनं जनेललाही व्हिडिओ फोनवर गाठलं. तो पडद्यावर खुणा करतो, मधे दुभाषी बाई बोलून दाखवते. म्हणाला, "तुझा बाप बरा आहे. भाजी खात नाही. माझ्या घरातून परत पळाला तर परत शोधीन. तू कधी येतेस?" जनेल मला म्हणाली, "राहा तिथेच, डॅड." वाचलं पिवळं स्वयंपाकघर!

विषय? एकही सोडला नाही. आता मास्तरला सांगायला माझ्याकडे उत्तर आहे. त्याच्या वर्गापायी मला एमरिककडचं दर मंगळवारचं जमणं सोडावं लागतं, चांगला महाग पडतो तो वर्ग!

पण सवय लागली ना मेली! आता मला कुठूनच पटकन निघता येत नाही. औषधाच्या दुकानात परवा पोरीला सांगितलं, निघतो हं, घरी जातोय, सूप करणार आहे. ती म्हणाली, "पुढचा!" आणि घरी तर... घरून निघताना कोणाला सांगायचं? म्हणून तुमच्याकडे आलो. लॉइड, तुमचं फावडं मला नकोच होतं हो, माझ्याकडे तीन आहेत. म्हटलं, गल्लीत सुद्धा कोणाला तरी सांगून... उद्या सकाळी मी कॉलेजात जातोय, दुपारी येईन, एवढंच...

अरे? ओसरीचा दिवा मालवलात?

वा! ही खूण येते मला! आता परत लावा... त्यांच्यात परत लावतात...

लॉइड? पेग?

बरं. निघतोच आहे मी.