श्रद्धांजलीला सूट

नगरसेवक : म्हणजे तुझ्या दुकानासमोर, भर सकाळी कुणीतरी फलकावरून माझं तोंड कापून नेलं आणि तुला पत्ताच नाही?

बहीण : बस आधी. खुर्चीवरचे ब्लाऊज जपून उचल, टाचण्या आहेत.

नगरसेवक : बसायला वेळ नाही. बाकी सगळं जागच्या जागी. दाजींचा फोटो, मजकूर, काही काही धक्का नाही. फक्त माझाच चेहरा चौकोनी कापलाय. हे विरोधकांचंच काम. काल सभेत तोंडावर आपटले ना, त्याचा राग.

बहीण : काय झालं सभेत?

नगरसेवक : फलकांचा नियम आला होता. वळणावर कुणाचाच फलक नको, म्हणे. मी उठलो. म्हटलं, वाढदिवस काढा, अभिनंदन काढा, श्रद्धांजलीच्या फलकाला हात लावायचा नाही. दाजींचं नाव घेतलं आणि रडूच आलं मला, खरं सांगतो. सूट मंजूर.

बहीण : आणि डंपरचं? दिवसा या रस्त्याने नकोत, हाही विषय काल घेणार होतास तू.

नगरसेवक : तो पुढच्या सभेवर गेला. अगं, मागे एवढ्या इमारती उठतायत, खडी काय डोक्यावरून न्यायची त्यांनी? विकास म्हटला की थोडं सोसावं लागतं.

बहीण : सोसलं की.

नगरसेवक : तसं नव्हतं म्हणायचं मला.

बहीण : हे गेले त्या दिवशी फलकाच्या त्याच सांगाड्यावर काय होतं, आठवतं?

नगरसेवक : आता ते कशाला उकरतेस?

बहीण : तुझ्या वाढदिवसाचा फलक होता. हे गल्लीतून स्कूटर काढत होते. फलकाआडून डंपर आला. ह्यांना तो दिसला नाही, ड्रायव्हरला हे दिसले नाहीत. मग तुझी पोरं आली. मला वाटलं, चला, काढायला आली. तर वाढदिवस उतरवला आणि त्याच तारांनी ह्यांना बांधलं.

नगरसेवक : मानाने लावलाय गं.

बहीण : कसला मान? हे वर कोपऱ्यात एवढेसे, आणि खाली शोकाकुल म्हणून तू केवढा. फोटो आमच्या सहलीतला. शेजारच्या मला पोरांनी कापून टाकलं, पण माझा खांदा राहिलाय बघ त्यात.

नगरसेवक : पोरांना घाईत मिळाला तो घेतला त्यांनी. तेव्हाच बोलायचंस.

बहीण : बोलले होते. तू म्हणालास, मेहुण्याचा फलक इतक्यात उतरवला तर लोक नावं ठेवतील.

नगरसेवक : बरं, ते राहू दे. कोण होतं तेवढं सांग. पोलिसांत देतो, मग बघतो एकेकाकडे.

बहीण : मी होते.

नगरसेवक : तू काय होतीस?

बहीण : मी कापलं. या कात्रीने.

नगरसेवक : डोकं फिरलंय का तुझं? सख्ख्या भावाचं तोंड?

बहीण : तुझं म्हणून नाही कापलं रे. चिमीला तिथूनच रस्ता ओलांडून शाळेत जावं लागतं. तिच्या शेजारी गुडघे टेकून बसले आणि तिच्या डोळ्यांसमोर काय येतं ते बघितलं. हनुवटीपासून कपाळापर्यंत नुसता तू. तेवढंच काढलं. ह्यांचा चेहरा तिथे असता, तर तोही कापला असता.

(त्याचा फोन वाजतो. तो दाराशी जाऊन बोलतो, परत येतो.)

नगरसेवक : पोरांनी नवीन छापायलासुद्धा टाकलाय. संध्याकाळी लावतील.

बहीण : नको म्हण त्यांना.

नगरसेवक : कसं म्हणू? ज्याच्यासाठी काल भर सभेत रडलो, तोच फलक आज काढला, तर माझं हसं होईल. जरा समजून घे ना मला.

बहीण : घेतलं.

नगरसेवक : रागावू नकोस. चिमीला काही हवं असलं तर सांग, मामा आहे तिचा.

बहीण : आज पहिल्यांदा तिने माझा हात सोडला. त्या भोकातून बघितलं आणि एकटी गेली पलीकडे. तिकडून ओरडून सांगितलं, आई, आता सगळं दिसतं.

नगरसेवक : बरं, निघतो मी.

बहीण : येईलच आता शाळेतून. थांब जरा. तूच सांग तिला.

नगरसेवक : काय सांगू?

बहीण : उद्यापासून कुठून बघायचं ते.