दोन वर्षांनंतरचं फूल

तुम्ही हसाल, पण आमच्या तात्यांनी पेन्शन कधी घ्यायची हे देवाला विचारलं. तात्या म्हणजे माझे चुलते, साखर कारखान्यात फिटर. वयाची अठ्ठावन्न पूर्ण झाली होती. पीएफची सरकारी पेन्शन लगेच सुरू करता येत होती, पण साठपर्यंत थांबलं तर दरमहा जास्त मिळाली असती. मी हिशेब मांडून सांगितलं, "थांबा." ते म्हणाले, "कौल लावू."

गुरवानं देवाच्या ओल्या दगडावर उजवीकडे एक फूल चिकटवलं, ते 'आत्ता'. डावीकडचं 'दोन वर्षांनी'. जे आधी पडेल तो कौल. पण डावं फूल चिकटेचना. त्यानं पुन्हा पाणी लावलं, फूल बदललं. बोट काढलं की खाली.

मी वैतागून म्हणालो, "डावं पडलं ना? म्हणजे थांबायचं. चला."

गुरव तात्यांकडं न बघता म्हणाला, "पडायच्या आधी चिकटाय लागतं, दादा."

तात्या पायऱ्या उतरले. मग चप्पल घालता घालता म्हणाले, "अर्ज आजच भर रं. अन् माझ्यामागं तुझ्या काकीला किती मिळंल, त्ये बी बघून ठेव."