पाळण्यातला मोर

सरला, चहा नंतर पी, आधी हे ऐक. माझ्या जावयाला हातातल्या भारी घड्याळांचं वेड. परवा सातवं घेतलं. आतल्या चकतीवर मोर, कारागिरानं हातानं कोरलेला. त्याला सेल नाही, हलत राहिलं तरच चालतं, म्हणून लाईटवर फिरणारी डबी आणली. थांबलं तर त्यातला तिथी दाखवणारा चंद्र परत लावायला पार मुंबईला न्यावं लागतं म्हणे.

काल जावई मसाटच्या कंपनीत अन् इकडे सामरवरणीत लाईट गेली. सोसायटीच्या ग्रुपवर वाचून लगेच फोन.

"आई, मोर थांबला तर नाही?"

"पाळण्याला बांधलाय. नातीला झोके देते, तोही झुलतोय."

पाच मिनिटांनी परत. "चालू आहे ना?"

"पोरगी उठायला बघतेय. तिला काढली की पाळणा थांबेल. तुम्ही अंगाई म्हणा, मी फोन पाळण्यात ठेवते."

"आई, समोर साहेब बसलेत."

"मग काढते तिला."

"नको, नको. म्हणतो."

म्हटली गं बिचाऱ्यानं, अख्खी.

लाईट तर त्याच्या पहिल्या फोनच्या आधीच आली होती. मोर डबीत फिरत होता, अन् पोरगी आईबरोबर बाजारात गेली होती.