चिंधीचा दोरा

(बातना शहर, घरामागचं अंगण. बॉनेट उघडलेली जुनी गाडी. गॅरेज बंद करून घरी बसलेल्या लख्दरनं सकाळपासून खपून इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदललाय. मुलगी हूरिया नुकतीच कामावरून आलीय, आणि आल्या आल्या तिनं किल्ली काढून घेतलीय.)

लख्दर : किल्ली दे म्हणतो ना!

हूरिया : आधी पान्यानं इंजिन हाती फिरवते. मग घ्या.

लख्दर : अख्खी बातना माझ्या दारात गाड्या लावायची, आणि तू मला शिकवणार?

हूरिया : तुम्हीच शिकवलंत. नवा पट्टा चढवला की हाती फिरवल्याशिवाय किल्लीला शिवायचं नाही. जो विसरेल त्याच्या कानाखाली वाजवायचात.

लख्दर : फिरव बाई, फिरव. होऊन जाऊ दे तुझ्या मनासारखं.

हूरिया : अडलं.

लख्दर : जोर लाव. जेवली नाहीस वाटतं.

हूरिया : बाबा, अडलं! वॉल्व्ह पिस्टनला टेकलेत. किल्ली मारली असती तर इंजिनाचं भंगार झालं असतं!

लख्दर : मग तूच हलवलंस काहीतरी. मी खुणेला खूण लावून बसवलाय पट्टा.

हूरिया : कुठली खूण?

लख्दर : ती काय, पट्ट्याच्या वरच्या दातेरी चाकावर. पांढरी.

हूरिया : ही?

लख्दर : हीच. आंधळी आहेस का?

हूरिया : ही खूण नाही. चिंधीचा दोरा चिकटलाय ग्रीसला. हा बघा, निघाला. खरी खूण पार तिकडे राहिली.

लख्दर : ...ऊन डोळ्यावर येतंय.

हूरिया : ऊन कधीच भिंतीपलीकडे गेलं. मी किती बोटं दाखवतेय?

लख्दर : बापाची परीक्षा घेतेस? लाज नाही वाटत?

हूरिया : किती आहेत?

लख्दर : किल्ली दे, हूरिया! उद्या बिस्क्राला भाचीचा साखरपुडा आहे. तुझ्या आईला घेऊन जायचंय मला.

हूरिया : त्या घाटातून? गेल्या जुम्म्यालाही तुम्हीच चालवलीत ना? वळणावर समोरून ट्रक येतात, बाबा! आईचा जीव काय रस्त्यावर पडलाय?

लख्दर : आवाज खाली! एक ओरखडा दाखव गाडीवर. एक!

हूरिया : आई! आई, बाहेर ये. बघ तुझा नवरा काय करून बसलाय. यांना दिसत नाही!

यमिना : ओरडू नकोस. शेजारी ऐकतायत.

हूरिया : ऐकू देत! अगं, दिसत नाही त्यांना!

यमिना : ठाऊक आहे.

हूरिया : ...ठाऊक आहे?

यमिना : मी शेजारी बसते. ट्रक आला की सांगते, वळण आलं की सांगते. बकऱ्या असल्या तर गुडघ्यावर हात ठेवते.

हूरिया : तुम्ही दोघंही वेडे झालात! आणि समोरून एखादं पोर धावत आलं असतं तर? बोल ना आता!

यमिना : काय बोलू? गॅरेज गेलं, तेव्हा आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. गाडीही काढून घेऊ? मला नाही जमलं. तुला जमत असेल तर घे.

लख्दर : माझ्यादेखत माझी वाटणी करू नका! मी मेलेलो नाही.

हूरिया : मेला नाहीत म्हणूनच भांडतेय. आणि तुमच्या हातून कुणी मरू नये म्हणूनही. किल्ली मिळणार नाही, बाबा. उद्या नाही, परवाही नाही.

लख्दर : गाडी माझी आहे.

हूरिया : तुमचीच. पण चालवणार मी.

लख्दर : बिस्क्राच्या लोकांसमोर? लेक बापाला आणून सोडणार? त्यापेक्षा येतच नाही मी.

यमिना : यायचंय तुम्हाला. पाहुणे आधी तुमचीच चौकशी करतील. हूरिया, उजेड आहे तोवर तो पट्टा उतरव आणि नीट बसव.

हूरिया : बसवते. आणि बाबा?

यमिना : हे पुढे बसतील, तुझ्या शेजारी. मी मागे बसेन. मलाही खूप दिवसांत खिडकीतून बाहेर बघायला मिळालं नाही.